बंदूक : कुठे देव्हाऱ्यात, कुठे खांद्यावर, कुठे माळ्यावर

शेतकरी बंधूंनो, हल्ली गावच्या बैठकीत खत-बियाण्याचा विषय संपत आला की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, कीड-रोगाचं आम्ही बघतो. डुकरांचं काय ते सांगा. बंदुकीचे परवाने तेवढे मिळवून द्या, बाकी काही नको." मक्याची कणसे दुधात आली, भुईमुगाने शेंगा धरल्या, भात निसवले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत होत्याचे नव्हते करतो. पेरणीपासूनचा खर्च, घरच्या माणसांची मेहनत, सोसायटीचे कर्ज, सगळे मातीत. ज्याचे जळते त्याला कळते. तेव्हा ही मागणी काही उगाच येत नाही.

पण त्याच बैठकीत एखादे जुने माणूस मान हलवून म्हणते, "नको रे बाबा. आज बांधावरून काठ्या निघतात, उद्या बंदुका निघतील." तेही खोटे नाही.

एका गावातच बंदुकीबद्दल अशी दोन मते. मग निरनिराळ्या मुलखांत किती असतील? नांगर, कोयता, विळा यांचा आकार दर चार तालुक्यांना बदलतो, पण काम तेच राहते. बंदुकीचे उलटे आहे. नळी, दस्ता, घोडा सगळीकडे सारखेच, पण ती कशासाठी ठेवायची याची समजूत मुलखागणिक बदलते. परवान्याचा अर्ज लिहिण्याआधी या समजुती एकदा पाहून घेतल्या तर आपल्याला नक्की काय पाहिजे ते कळायला मदत होईल.

कोडगूत बंदुकीची पूजा

सुरुवात शेजारच्या कर्नाटकापासून करू. सह्याद्रीच्याच रांगेत कोडगू नावाचा जिल्हा आहे. इंग्रज त्याला कूर्ग म्हणत. कावेरीचा उगम तिथला. कॉफीचे मळे, मिरीचे वेल आणि खोलगट भागात भातशेती. तिथल्या कोडव समाजातून फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या असे सेनापती देशाला मिळाले.

तुम्हाआम्हाला बंदूक ठेवायची तर शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. कोडव लोकांना आणि तिथल्या जम्मा जमिनीच्या धारकांना या परवान्यातून सूट आहे. जम्मा म्हणजे सैनिकी सेवेच्या बदल्यात पूर्वी वंशपरंपरेने मिळालेली जमीन. ही सूट इंग्रजांच्या काळापासून चालत आली. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली. जन्मावरून आणि जमिनीवरून अशी सवलत देणे समानतेला धरून नाही, असे म्हणत एक जण कोर्टात गेले होते. परंतु कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही सूट कायम ठेवली. सूट असली तरी जिल्हा प्रशासनाकडून तसा दाखला घ्यावाच लागतो.

तिथे सप्टेंबरच्या सुरुवातीला, भाताची लावणी उरकली की कैलपोळ्द नावाचा सण येतो. आपण खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पुजतो, तसाच हा प्रकार. बंदुका पुसून देव्हाऱ्याजवळ मांडतात आणि त्यांना कळलावीचे फूल वाहतात. आपल्या कुंपणावर पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखे फुलते, तेच हे फूल. पूर्वी लावणीच्या दिवसांत सगळे हात चिखलात गुंतलेले, म्हणून बंदूक देवापाशी असायची. लावणी संपली की ती उचलायची आणि वाढत्या पिकाच्या राखणीला लागायचे. पूजा झाल्यावर नारळावर नेम धरण्याच्या शर्यती होतात.

पुढे नवे भात आले की पुत्तरीचा सण. आपल्या कोकणात नवे बांधतात, तसा. तिथे पहिली पेंढी कापताना बंदुकीचा बार काढतात. परंपरेने मुलगा जन्मला की हवेत एक बार आणि घरात कोणी वारले की लागोपाठ दोन. डोंगरउतारावर घरे लांब लांब विखुरलेली, त्यामुळे बार ऐकून शेजाऱ्यांना वार्ता कळायची.

तेव्हा कोडगूत बंदूक ही एकट्या माणसाची हौस नाही, घराण्याची वस्तू आहे. तिच्यावर वडीलधाऱ्यांची आणि देवाची नजर असते. हे सगळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीतून आले आहे. कागदावर परवाना मिळाला म्हणून सोबत ती रीत मिळत नाही.

कोकणात राखणीची बंदूक

आता आपल्या राज्यात या. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि लागून असलेला गोवा, या पट्ट्यात शेतीसंरक्षणाची बंदूक जुनी आहे. बहुतेक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे गजाने ठासायचे, केप लावायची आणि बार काढायचा. एक बार झाला की पुन्हा भरायला वेळ लागतो.

कायद्यातही या बंदुकीला वेगळी जागा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ सांगते की, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नागरिकाने ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा. ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी साध्या नळीची बंदूकही देता येते. कलम १४ आणखी एक चांगली गोष्ट सांगते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे दहा गुंठेवाल्यालाही अर्ज करता येतो. अर्थात अर्ज मंजूर करताना पोलीस अहवाल आणि इतर अटी पाहिल्या जातातच.

कोकणातल्या या बंदुकीला रुबाब नाही. कोयती, टोपली, कंदील यांच्या रांगेतली ती एक वस्तू. तिचे काम राखणीचे. म्हणूनच निवडणूक लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम आला की बागायतदार कुरकुरतो. एप्रिल-मे म्हणजे आंबा-काजूचा ऐन हंगाम आणि नेमकी तेव्हाच राखण बिनहत्यारी. यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले की, सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने प्रकरणे तपासून ठरवावे. गावच्या पदाधिकाऱ्यांनी आणि पोलीस पाटलांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पण कोकणचा अनुभव दुसरी बाजूही दाखवतो. वानर-माकडांवर गोळी झाडता येत नाही, म्हणून नुसते हवेत बार काढायचे. चार दिवस टोळी पळते. पाचव्या दिवशी आवाज कोणत्या बाजूने येतो ते ओळखून ती दुसऱ्या बाजूने बागेत उतरते. रात्रीच्या अंधारात झुडूप हलले म्हणून डुक्कर समजून बार काढला आणि तो आपल्याच माणसाला लागला, अशाही घटना घडलेल्या आहेत. आणि जखमी डुक्कर पळून जाईलच असे नाही, ते उलटून अंगावर येते.

चंबळकडे खांद्याची शोभा

आता उत्तरेला. केंद्रीय गृह खात्याच्या आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ७० हजार शस्त्रपरवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. लोकसंख्येचा फरक धरला तरी ही तफावत मोठी आहे. तिकडे डुकरे आपल्यापेक्षा इतकी जास्त आहेत, असे काही नाही. फरक समजुतीचा आहे. चंबळ आणि पश्चिम उत्तर प्रदेशात खांद्याला दुनळी असणे ही इभ्रत. गाडीघोडा असावा तशी दारात बंदूक असावी.

एक उदाहरण सांगतो. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्हा आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची ही उन्हाळी राजधानी. तिथे पुरुष नसबंदीला माणसे पुढे येईनात. बंदूक ही तिथे मर्दुमकीची खूण, हे ओळखून २००८ मध्ये जिल्हा प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्यांना बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना काढली. परवान्यासाठी माणसे तयार झाली. बंदुकीचा मान केवढा, ते यावरून समजावे.

या मानाची किंमतही मोजावी लागते. लग्नाच्या वरातीत आनंदाने गोळ्या झाडायच्या आणि त्या वऱ्हाडातल्याच कोणाला लागायच्या, असे तिकडे वारंवार घडत आले. शेवटी २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट लिहावे लागले की, समारंभात बेफिकीरपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली.

अमेरिकेत हक्क, आपल्याकडे परवाना

आपली मुले आता अमेरिकेत नोकरीला जातात आणि तिकडच्या बंदुकांच्या बातम्या घरी फोनवर सांगतात. तिथे दुकानात बंदूक मिळते हे ऐकून इकडे आश्चर्य वाटते. तिथल्या राज्यघटनेत १७९१ मध्ये झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला. २००८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क असल्याचे सांगितले. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार तिथे दर १०० माणसांमागे १२० बंदुका होत्या. भारतात परवान्याच्या आणि बिगरपरवान्याच्या धरून १०० माणसांमागे पाच.

आपल्याकडे असा हक्क मागितलाच गेला नाही, असे मात्र नाही. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात जो शस्त्र कायदा झाला, त्यात हिंदी माणसाला परवाना आणि गोऱ्याला मोकळीक होती. त्याची चीड लोकांच्या मनात होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पण स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेत तो घेतला नाही. त्यामुळे अमेरिकेत बंदूक नाकारायची तर सरकारला कारण द्यावे लागते, आणि आपल्याकडे बंदूक मागायची तर आपल्याला. पीकसंरक्षण हे असे कारण आहे, आणि ते कायद्याने मान्य केलेले आहे.

जपानमध्ये गावाची बंदूक

आपल्याला सर्वांत जास्त शिकण्यासारखे आहे ते जपानकडून. डोंगरउताराची भातखाचरे, भोवती जंगल, आणि त्रास देणारे प्राणीही आपल्या ओळखीचे : रानडुक्कर, हरिण, माकड.

जपानमध्ये तोड्याची बंदूक १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर आली. १५८८ मध्ये हिदेयोशी या सत्ताधीशाने फर्मान काढले की, शेतकऱ्यांनी तलवारी, भाले, बंदुका ठेवू नयेत. शस्त्रे गोळा झाली. तरीही पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत डोंगरी गावांत बंदुका राहिल्याच, कारण डुकरे राहिली. मात्र त्यांची सरकारदरबारी नोंद असे. काही बंदुका तर नुसता आवाज काढून भीती घालण्यापुरत्या, बिनगोळीच्या असत. बंदूक हे तिथे शेतीचे अवजार मानले गेले.

आज जपानमध्ये १९५८ च्या कायद्याप्रमाणे बंदूक मिळवणे फार कठीण आहे. वर्ग, लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा, डॉक्टरचा दाखला, घरच्यांकडे आणि शेजाऱ्यांकडे पोलिसांची चौकशी, एवढे झाल्यावर छर्ऱ्याची बंदूक. ती दहा वर्षे सांभाळून दाखवली तर पुढे रायफलचा विचार. हे सगळे करूनही वन्यप्राण्यांकडून होणारे शेतीचे नुकसान अलीकडे वर्षाला दीड हजार कोटी येनच्या आसपास आहे. खेड्यांत म्हातारी माणसे उरली आणि बंदुकवाले शिकारीही म्हातारे झाले.

म्हणून तिकडच्या गावांनी दुसरे उपाय धरले. शेताभोवती हलक्या झटक्याचे विजेचे कुंपण. डुकराचे नाक टेकते त्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून वीतभर आणि हातभर अशा दोन तारा. शेत आणि जंगल यांच्यामधली झाडी साफ करायची, म्हणजे जनावराला लपत येता येत नाही. पडलेली फळे आणि काढणीनंतरचे उरलेसुरले पीक शेतात ठेवायचे नाही. ते ठेवले तर डुकराला आवतण आपणच धाडतो. एकट्याने कुंपण केले तर डुक्कर शेजारच्या शेतात जाते, म्हणून सगळ्यांनी मिळून करायचे. बंदूक आहे, पण ती सर्वांत शेवटी.

केरळमध्ये पंचायतीकडे अधिकार

आपल्या देशातही असा गावपातळीवरचा प्रयोग झाला आहे. केरळ सरकारने मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचा अधिकार दिला. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी त्यांनी द्यायची आणि काम परवानाधारक बंदूकवाल्याने करायचे. विष, स्फोटके, विजेचा शॉक यांना मनाई. मेलेले डुक्कर पुरायचे, खायचे नाही.

सरपंचांनो, अधिकार मोठा वाटेल. पण तिथेही अडचण आली. परवानगी हातात, पण नेम धरणारा परवानाधारक सगळीकडे वेळेवर मिळेना. नुसत्या कागदाने डुक्कर पडत नाही आणि नुसत्या बंदुकीनेही पडत नाही. त्याला सरावाचा, जबाबदार माणूस लागतो.

मग आपण काय करायचे?

या सगळ्या फेरीतून माझे मत असे झाले आहे. आपल्या भागात बंदूक आली ती राखणीचे अवजार म्हणून, आणि तिने अवजारच राहावे. अवजार विकत घेताना आपण विचारतो : काम होते का, खर्च किती, धोका काय, आणि याहून स्वस्तातले दुसरे काही आहे का? तेच प्रश्न बंदुकीला विचारा. ज्याच्या मनात चंबळची इभ्रत आहे त्याने पिकाचे नाव पुढे करू नये. त्याच्यामुळे खऱ्या गरजूचा अर्ज संशयात येतो.

आता काही कामाच्या गोष्टी :

१. नुकसान झाले की उशीर न करता वन विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या. तारीख, पीक, क्षेत्र वहीत लिहून ठेवा. भरपाईला ते लागतेच, शिवाय उद्या परवाना मागताना हाच पुरावा.

२. शेतीसंरक्षण परवान्यासाठी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात चालतो. वय २१ पूर्ण हवे. २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आणि घरात ते कुलूपबंद ठेवण्याची सोय या दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात. परवान्याची मुदत २०१९ पासून पाच वर्षे आहे. नूतनीकरण विसरू नका.

३. परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. बंदूक शस्त्र कायद्याखाली, तर रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. मारायचे तर वन विभागाची लेखी परवानगी वेगळी लागते. या दोन कागदांतला फरक न कळल्याने साधी माणसे गुन्ह्यात अडकतात.

४. आजोबांच्या नावची ठासणीची बंदूक माळ्यावर तशीच पडून आहे, अशी कितीतरी घरे आहेत. परवानाधारक वारला की वारसाने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायची असते, मग वाटल्यास आपल्या नावाने परवाना मागायचा. "गंजलेली आहे, तिला कोण विचारतंय" असे म्हणू नका. बिनपरवाना शस्त्राला तुरुंगवास आहे. पोलीस पाटलांनी आपल्या गावात एकदा अशी यादी करावी.

५. कुंपणाला घरातली किंवा पंपाची थेट वीज कधीही जोडू नका. त्यात डुकराआधी माणूस जातो, बैल जातो. सौर कुंपणाच्या यंत्रातून क्षणभराचा झटका थांबून थांबून येतो, तो जीव घेत नाही, फक्त धडा शिकवतो. त्यावर वाढणारे गवत मात्र वरचेवर काढावे लागते, नाहीतर झटका जमिनीत जातो. जंगलालगतच्या गावांसाठी राज्याच्या जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला मदत मिळते. आपले गाव त्यात बसते का, याची वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा.

६. गावठी बॉम्ब पेरू नका. डुकराने नाही चावला तर सकाळी गाय चावते, नाहीतर पोर उचलते.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. शिवाराचा नकाशा पुढे ठेवा. डुकरे कोणत्या ओढ्याने उतरतात, झाडी कुठे वाढली, कोणकोणत्या गटांना मिळून एक कुंपण घालता येईल, हे आधी ठरवा. एवढे करूनही ज्या शेतांना राखण पुरत नाही, त्यांची नावे काढा. त्या चार-सहा जणांनी रीतसर परवाना मागावा आणि ग्रामसभेने पंचनाम्यांसह ठराव करून त्यांच्या मागे उभे राहावे. शंभर जणांच्या अर्जांपेक्षा अशा सहा अर्जांना वजन येईल, आणि बंदुका कोणाच्या घरी आहेत तेही सगळ्या गावाला माहीत राहील.